बॅटरी उलटी लागली तरी सर्किट शाबूत राहावं म्हणून

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी हातात घ्या आणि तिचं डोकं नीट बघा. लहान गोल बटण प्लसचं, मोठं पाकळीदार बटण मायनसचं. आता तिच्यावर बसणारी वायरची टोपी बघा. तिथे नेमकं उलट असतं. लाल वायर मोठ्या पाकळीदार बटणाला, काळी लहान बटणाला, कारण एकाचं लहान बटण दुसऱ्याच्या मोठ्यात अडकतं. टोपी उलटी धरली तर ती बसत नाही हे खरं, पण बसवायच्या खटपटीत बटणाला बटण टेकतंच. तेवढा क्षण एखादी नाजूक चिप जायला पुरतो.

पेन्सिल सेलच्या डब्यात, १८६५० या गोल लिथियम सेलच्या होल्डरमध्ये किंवा स्क्रू टर्मिनलमध्ये तर अडवायलाही काही नसतं. म्हणून नव्याने सर्किटं बनवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. बॅटरीच्या वायरी बोर्डावर येतात तिथला पहिला पार्ट संरक्षणाचा हवा. सर्किट चालू झाल्यावर सवडीने बसवू म्हटलं की तो राहून जातो. आणि सर्वात जास्त उलटसुलट जोडणी होते ती बनवण्याच्या आणि तपासण्याच्या काळातच.

उलट्या बॅटरीने नेमकं काय बिघडतं

सगळेच पार्ट सारखे नाजूक नसतात. तारेचा बल्ब कसाही लावा, पेटतो. साधी डीसी मोटार उलटी फिरते, एवढंच. एलईडी लागत नाही, पण बहुतेक एलईडींची उलट्या दिशेची मर्यादा पाच व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे नऊ व्होल्ट उलटे बसले तर त्यांचंही खरं नाही.

खरी अडचण चिप्सची. जवळजवळ प्रत्येक आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पोटात ग्राउंडपासून (मायनसपासून) सप्लायकडे (प्लसकडे) जाणारे डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे पार्ट, असतात. काही मुद्दाम ठेवलेले, काही सिलिकॉनच्या रचनेमुळे आपोआप तयार झालेले. जोडणी बरोबर असते तोवर ते बंद असतात. बॅटरी उलटी झाली की ते वाहू लागतात आणि करंटला आवर घालणारं बॅटरीच्या स्वतःच्या रेझिस्टन्सशिवाय काहीच उरत नाही. अर्डुइनो उनो या बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी या चिपच्या डेटाशीटमध्ये पिनवरची मर्यादा ग्राउंडच्या खाली फक्त अर्धा व्होल्ट दिली आहे. उलटी बॅटरी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

मोटार ड्रायव्हरचं आणखी वाईट. एल२९८एनच्या लाल बोर्डावर चिपच्या शेजारी आठ डायोड ओळीने बसवलेले दिसतात. मोटार बंद होताना उठणारा झटका पचवायला ते असतात. सप्लाय उलटा झाला की हेच डायोड जोडीजोडीने बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सरळ वाट करून देतात. बॅटरी १२ व्होल्टची लेड-अॅसिड असेल तर तो शॉर्ट सर्किटच समजा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. सगळं इन्सुलेशन त्या थराचं. उलट्या व्होल्टेजला तो टिकत नाही, करंट वाहतो, आत वायू तयार होतो, डोकं फुगतं आणि वरच्या चिरा उघडतात. टँटलम कपॅसिटर तर पेटूही शकतो. इथे नवख्यांची हमखास गल्लत होते ती पट्ट्यांची. इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी मायनस दाखवते, टँटलमवरची पट्टी प्लस दाखवते, आणि डायोडवरची पट्टी कॅथोड, म्हणजे करंट बाहेर पडतो ते टोक, दाखवते. तिन्ही आत्ताच वहीत लिहून ठेवा.

पहिली पायरी: हिशोब

पार्ट आणण्याआधी दोन आकडे काढा. सर्किट जास्तीत जास्त किती करंट घेतं, आणि बॅटरी व सर्किट यांच्यामध्ये किती व्होल्ट गमावणं परवडतं. पद्धत कोणती घ्यायची ते हे दोन आकडेच ठरवतात.

समजा, नऊ व्होल्टची बॅटरी आहे आणि तुम्ही व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या ७८०५ या आयसीने पाच व्होल्ट बनवताय. ७८०५ ला नीट चालायला आत साधारण सात व्होल्ट लागतात. नव्या बॅटरीत दोन व्होल्टची मोकळीक आहे. संरक्षणासाठी वाटेत साधा डायोड लावला तर तो सुमारे ०.७ व्होल्ट खातो. तेवढे त्याला दिले तर नवी बॅटरी असताना काही बिघडत नाही. बॅटरी उतरत ७.७ वर आली की मात्र पाच व्होल्ट ढासळायला लागतात, म्हणजे बॅटरीचा शेवटचा भाग वाया जातो.

दुसरं उदाहरण एका १८६५० लिथियम सेलवर चालणाऱ्या ईएसपी३२ या वायफायच्या बोर्डाचं. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट, बहुतेक वेळ ३.७ च्या आसपास, आणि उतरताना ३ कडे. बोर्डाला हवेत ३.३. इथे ०.७ व्होल्ट कुणाला द्यायला आहेतच कुठे? त्यातून वायफाय चालू होताना करंट काहीशे मिलिअँपिअरवर उसळी घेतो, की तेवढ्यापुरता डायोडवरचा ड्रॉप, म्हणजे त्याच्यात गमावलेलं व्होल्टेज, आणखी वाढतो आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. असं झालं की लोक प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

दुसरी पायरी: साधा डायोड

सर्वात सोपा उपाय म्हणजे प्लसच्या वायरीत एक डायोड. सायकलच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह हवा एकाच दिशेने जाऊ देतो, तसा हा करंट एकाच दिशेने जाऊ देतो. बॅटरीची लाल वायर पट्टी नसलेल्या टोकाला, पट्टीचं टोक सर्किटच्या प्लसकडे. मायनस सरळ जोडायचा. डायोड सर्किटमधल्या पहिल्या कपॅसिटरच्याही आधी यायला हवा, नाहीतर तो कपॅसिटर उघडाच राहिला.

१एन४००७ कुठेही मिळतो. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटा मागितला तरी काही रुपयांत येतो. एक अँपिअर झेपतो, उलटे एक हजार व्होल्ट अडवतो. आपल्याला हजार व्होल्टची गरज नाही, पण तो सर्वत्र असतो म्हणून घ्यायचा. त्याची किंमत आपण ड्रॉपमध्ये मोजतो. थोड्या करंटला सुमारे ०.७ व्होल्ट, पूर्ण एक अँपिअरला १.१ व्होल्टपर्यंत. म्हणजे एक अँपिअरला तो एक वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो आणि बोट ठेववत नाही इतका तापतो.

यापेक्षा शॉट्की डायोड चांगला. १एन५८१९ आकाराने ४००७ इतकाच, पण १०० मिलिअँपिअरच्या आसपास ड्रॉप साधारण ०.३ व्होल्ट आणि एक अँपिअरला जास्तीत जास्त ०.६. तीन अँपिअरपर्यंत जायचं असेल तर १एन५८२२ घ्या. दोन्ही उलटे ४० व्होल्ट अडवतात. पेन्सिल सेलवर किंवा नऊ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या सर्किटांना मी डोळे झाकून १एन५८१९ सुचवेन.

४००७ आणि ५८१९ एका पुडीत मिसळले तर दिसायला सारखेच, आणि अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल प्रोब पट्टी नसलेल्या बाजूला आणि काळी पट्टीला. ४००७ असेल तर ०.५ ते ०.६ च्या आसपास आकडा येतो, शॉट्की असेल तर ०.१५ ते ०.२५.

डायोडचा आणखी एक फायदा आहे. यूएसबी केबल लावलेली असताना बॅटरीही जोडलेली राहिली, तर यूएसबीचे पाच व्होल्ट बॅटरीत घुसू शकतात. साध्या अल्कलाइन सेलना ते चालत नाही, ते गळायला लागतात. मधला डायोड ही वाट बंद करतो. हे लक्षात असू द्या, कारण पुढची पद्धत हे काम करत नाही.

तिसरी पायरी: पी-चॅनल मॉसफेट

लिथियम सेलसाठी, जास्त करंटसाठी, किंवा बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची असेल तेव्हा पी-चॅनल मॉसफेटला पर्याय नाही. मॉसफेट म्हणजे तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच. ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधली वाट म्हणजे चॅनल, आणि ती उघडायची की बंद ठेवायची हे तिसऱ्या पायावरचं, म्हणजे गेटवरचं, व्होल्टेज ठरवतं. पहिल्यांदा आकृती बघणाऱ्याला ती चुकलेली वाटते, म्हणून सावकाश सांगतो.

ड्रेन बॅटरीच्या प्लसकडे, सोर्स सर्किटच्या प्लसकडे, गेट ग्राउंडला. नेहमी स्विच म्हणून पी-चॅनल वापरताना सोर्स बॅटरीकडे असतो, इथे मुद्दाम उलटा बसवायचा. कारण असं, की मॉसफेटच्या आत ड्रेनकडून सोर्सकडे वाहणारा एक डायोड जन्मतःच असतो. बॅटरी सुलट लावली की आधी त्या डायोडमधून करंट जातो आणि सोर्सवर बॅटरीपेक्षा ०.७ व्होल्टने कमी व्होल्टेज येतं. गेट शून्यावर आहे, म्हणजे सोर्सच्या तुलनेत गेट खाली खेचला गेला. पी-चॅनल उघडायला नेमकं तेच लागतं. चॅनल उघडतो आणि करंट डायोडची वाट सोडून चॅनलमधून जातो. बॅटरी उलटी लावली तर गेट आणि सोर्स यांच्यात फरकच राहत नाही, चॅनल बंद राहतो आणि आतला डायोडही उलट्या दिशेला म्हणून बंद. सर्किटला शून्य.

फरक किती पडतो ते बघा. एओ३४०१ या छोट्या मॉसफेटचा चालू अवस्थेतला रेझिस्टन्स गेटला साडेचार व्होल्ट मिळाले तर ६० मिलिओहमच्या आत असतो. अर्धा अँपिअर गेला तर ड्रॉप ०.०३ व्होल्ट. डायोडच्या ०.७ शेजारी हा आकडा ठेवा.

कोणता मॉसफेट घ्यायचा हे बॅटरीवरून ठरतं. एका लिथियम सेलला एओ३४०१ योग्य, कारण तो एक-सव्वा व्होल्टच्या फरकालाच उघडायला लागतो. तो अगदी बारीक, एसओटी-२३ आकाराचा असतो. तीन पायांत एक नंबर गेट, दोन नंबर सोर्स, आणि एकट्या बाजूचा तिसरा ड्रेन. हाताने डाग देणं जड जात असेल तर छोटी अॅडॅप्टर पट्टी घ्या. ९ किंवा १२ व्होल्टला आयआरएफ९५४० घ्या, तो मोठ्या पायांचा, ब्रेडबोर्डवर बसणारा. अक्षरं आपल्याकडे करून धरला की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. पण तो ३.७ व्होल्टला वापरू नका. त्याला उघडायलाच दोन ते चार व्होल्ट लागतात.

गेटचीही मर्यादा असते. एओ३४०१ चा गेट सोर्सपासून १२ व्होल्टपर्यंतच सोसतो, आयआरएफ९५४० चा २० पर्यंत. १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते आणि गाडीच्या वायरिंगमध्ये त्याहून मोठे झटके येतात. तिथे आयआरएफ९५४०, आणि त्याच्या सोर्स-गेटमध्ये १२ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजच्या वर उलट्या दिशेनेही वाहणारा डायोड. पट्टी सोर्सकडे ठेवायची आणि गेट ग्राउंडला सरळ न जोडता १०० किलोओहममधून जोडायचा.

आता सर्वात महत्त्वाचं. ड्रेन आणि सोर्स अदलाबदल झाले तरी बॅटरी सुलट असताना सर्किट मजेत चालतं. काहीच चुकलंय असं वाटत नाही. पण संरक्षण शून्य, कारण आतला डायोड आता उलट्या करंटला वाट देणारा झाला. सर्किट चालतंय म्हणजे जोडणी बरोबर, असं इथे धरून चालू नका. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

चौथी पायरी: उलटी बॅटरी मुद्दाम लावून बघा

खरं सर्किट अजून जोडायचं नाही. त्याच्या जागी एक किलोओहमचा रेझिस्टर लावा, पाव वॅटचा चालेल. बॅटरी सुलट लावून रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. डायोड असेल तर ते बॅटरीपेक्षा थोडं कमी दिसेल, मॉसफेट असेल तर जवळपास तेवढंच. मॉसफेट असूनही अर्धा-पाऊण व्होल्ट कमी दिसला तर चॅनल उघडत नाहीये, करंट नुसता आतल्या डायोडमधून जातोय. गेट ग्राउंडला नीट टेकलाय का ते बघा, नाहीतर या बॅटरीला तो मॉसफेटच चालणार नाही.

मग बॅटरी उलटी लावा आणि पुन्हा मोजा. शून्य, किंवा काही मिलिव्होल्ट, यायला हवं. उणे आठ-नऊ आले तर ड्रेन-सोर्स किंवा डायोड उलटा बसलाय.

रेझिस्टर न लावता मोजलं तर घोळ होतो, विशेषतः शॉट्कीच्या बाबतीत. शॉट्की बंद असतानाही थोडा गळतो, काही मायक्रोअँपिअर. मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स एक ते दहा मेगाओहम, त्यामुळे एवढ्याशा गळतीवरही मीटर चांगले उणे काही व्होल्ट दाखवतो. पार्ट खराब नसतो. एक किलोओहम लावला की तीच गळती मिलिव्होल्टांत विरघळते.

मॉसफेटच्या पुढे मोठा कपॅसिटर असेल तर आणखी एक काळजी घ्या. बॅटरी काढल्यावर तो भरलेला राहतो आणि त्यामुळे चॅनलही उघडा राहतो. त्याच क्षणी बॅटरी उलटी लावली तर संरक्षण जागेवर नसतं. कपॅसिटर पूर्ण उतरू द्या, मगच पुन्हा बॅटरी लावा.

मोठ्या बॅटरीसाठी फ्यूज आणि डायोड

१२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी, मोटारी, पाच-दहा अँपिअर, असं काम असेल तर जुनी पद्धत अजूनही उत्तम. प्लसच्या वायरीत बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि फ्यूजच्या पुढे सर्किटच्या दोन टोकांमध्ये आडवा एक जाड डायोड, पट्टी प्लसकडे. एरवी डायोड नुसता बसून असतो, काही खात नाही. बॅटरी उलटी लागली की तो शॉर्ट होतो, फ्यूज उडतो, आणि तोवर सर्किटवर एक-दीड व्होल्टपेक्षा जास्त उलटं व्होल्टेज राहत नाही. दोन अँपिअरच्या सर्किटला तीन अँपिअरचा फास्ट फ्यूज आणि १एन५४०८ पुरतो. फ्यूजशिवाय नुसता डायोड कधीच लावू नका. डायोड फुटेल किंवा वायर पेटेल. आणि ही पद्धत नऊ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर वापरू नका, तिच्यात फ्यूज झटकन उडवण्याइतकी ताकद नसते.

चार डायोडचा ब्रिजही काही जण लावतात. बॅटरी कशीही लावा, सर्किट चालतं. पण ड्रॉप दुप्पट, सुमारे १.४ व्होल्ट, आणि सर्किटचा ग्राउंड बॅटरीच्या मायनसपासून वेगळा होतो. त्याच बॅटरीवर दुसरं काही जोडलेलं असेल तर गोंधळ होतो. खेळण्यात ठीक आहे, अर्डुइनोच्या प्रोजेक्टमध्ये मी लावणार नाही.

जिथे हे उपाय पोचत नाहीत

अर्डुइनो उनोच्या गोल जॅकमागे डायोड असतो, त्यामुळे जॅकमधून उलटा सप्लाय आला तरी बोर्ड वाचतो. व्हीआयएन आणि पाच व्होल्टच्या पिना मात्र त्या डायोडच्या पलीकडे आहेत. तिथे काही संरक्षण नाही.

चार सेलच्या डब्यात एकच सेल उलटा बसला तर डायोडला त्याचा पत्ताही लागत नाही. सहा व्होल्टऐवजी तीन मिळतात, दिशा बरोबरच असते, आणि उलट्या सेलमध्ये बाकीचे तीन करंट ढकलत राहतात. तो गळतो. लिथियम सेलच्या बाबतीत हे धोक्याचं आहे.

लिथियम सेल चार्ज करणारा टीपी४०५६ चा बोर्ड उलट्या सेलने हमखास धूर काढतो. वरची मॉसफेटची युक्ती तिथे पुरत नाही, कारण यूएसबी जोडलेली असताना चार्जरचं स्वतःचं व्होल्टेज मॉसफेटला उघडं ठेवतं. तिथे सेल होल्डरमध्ये घालण्याआधी मल्टिमीटरने होल्डरची कोणती बाजू बोर्डाच्या बी प्लसला जाते ते तपासा आणि होल्डरच्या आत तळाशी मार्करने ठळक प्लस काढा. दोन पिनांचे पांढरे जेएसटी कनेक्टर उलटे घुसत नाहीत, पण त्यांच्यात लाल-काळी कुठल्या बाजूला असावी याचा सगळ्यांनी पाळलेला नियम नाही. एका दुकानातली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी दुसऱ्या दुकानातल्या बोर्डाला नीट बसते आणि तरी उलटी असू शकते. नवी बॅटरी आली की कनेक्टर लावण्याआधी मोजायचंच.

तरीही उलटी लागलीच, तर

बॅटरी ताबडतोब काढा. कपॅसिटरवर तोंड वाकवून बघू नका, तो उशिराही फुटतो. बोर्ड थंड झाल्यावर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, काळी प्रोब सर्किटच्या प्लसला आणि लाल ग्राउंडला. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर आतले डायोड बहुधा जागेवर आहेत. शून्याजवळचा आकडा म्हणजे काहीतरी आरपार शॉर्ट झालंय. तो पार्ट सापडेपर्यंत बॅटरी लावायची नाही.

शॉर्ट नसेल तर पहिल्यांदा बॅटरी थेट न लावता प्लसमध्ये ४७ ओहमचा, एक-दोन वॅटचा रेझिस्टर घालून लावा. सर्किट नेहमी थोडाच करंट घेत असेल तर ते यातूनही उठतं, आणि आत शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज रेझिस्टरवर दिसतं. सगळं चालू झालं तरी उलटे लागलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून नवे बसवा. त्यांचा ऑक्साइडचा थर दुखावलेला असतो, आणि ते काही आठवड्यांनी, सर्किट डब्यात बंद केल्यावर जातात.